अर्ज क्रमांक सतरा

कलेक्टर कचेरीच्या फाटकाबाहेर, पिंपरणीखाली
माझं टेबल. मशीन जुनं.
त्यातला अर्धा ख गेल्या गणपतीत तुटला.
आता ख मारला की नुसता काना उमटतो.
जखमी लिहावं तर जामी होतं,
दाखला लिहावा तर दााला.
मागनं मी ते ख पेनानं भरतो.

केरबा रामू चौगुले, राहणार चिखली,
दर दोन-अडीच वर्षांनी येतात.
स्टुलावर बसताना डावा पाय
दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवतात,
एसटीत दुसऱ्याचं सामान सरकवावं तसा.
'घाला कागद,' म्हणतात.

सोळा अर्ज मला पाठ आहेत.
महोदय, सन सत्त्याऐंशी, जाफना, पायाखाली सुरुंग.
उत्तरंही पाठ आहेत:
सदर अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले नाही,
सेवेमुळे वाढलेलेही नाही.
'मग काय गुऱ्हाळात झालं म्हणायचं?'
केरबा मला विचारतात,
विचारायला समोर दुसरं कोणी नसतं म्हणून.

कुणा कारकुनानं तेव्हा लिहून ठेवलं, गाडीवरून पडून.
दोन शब्द.
त्यावर चौतीस वर्षं
आणि मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांची राखण.

गावात अजून विचारतात, पाकिस्तानच्या लढाईत का?
नाही म्हटलं, की चीनच्या?
केरबा सांगतात, दुसऱ्याची भाऊबंदकी होती.
बांधावरनं न्हवं, अख्ख्या बेटावरनं.
आपण मिटवायला गेलो
आन् दोन्हीकडनं मार खाल्ला.
ऐकणारे हसतात.
भाऊबंदकी इथं कुणाला समजावून सांगायची,
माझं निम्मं टायपिंग तीच.

एकोणीसच्या पुरात ट्रंक नऊ दिवस पाण्यात.
डिस्चार्ज बुकाचा लगदा, शिक्क्यांचं निळं पाणी.
उरला एक्स-रे.
बायकोनं धुऊन दोरीवर टाकला,
चिमटा लावून, नातवाच्या चड्ड्यांशेजारी.
डिसेंबरात ग्रहण लागलं
तर गल्लीतली पोरं त्यातनंच सूर्य बघत होती.
गुडघ्याच्या वाटीत अडकलेला पत्र्याचा तुकडा,
त्याच्या वर कड खाल्लेला सूर्य.
'बारक्या पोरांना दिसला,' केरबा म्हणाले,
'बोर्डाला दिसंना.'

या खेपेला साक्षीदार मागितलाय.
सेक्शनमधले दोघं तिथंच राहिले,
तिसरा कोरेगावचा, मागल्या उन्हाळ्यात गेला.
मी मशीनवर हात ठेवून थांबलो.
बराच वेळ चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा बोलत होता.

'एक बाई हुती,' म्हणाले.
'हिरीवर. आमच्या आक्कीएवढी.
पोहऱ्याची दोरी सोडली तिनं, माझ्या मांडीला आवळली.
काय बोलली कळलं न्हाई.
रागानंच बोलत हुती,
हात मातूर थांबला न्हाई.
तिचा ल्योक कुठल्या बाजूला हुता, देव जाणे.
दोरी तशीच घिऊन आलो की मी.
मागनं पाणी कशानं शेंदलं असंल तिनं?'

नाव?
'ठावं न्हाई.'
पत्ता?
'हीर.'

हे अर्जात बसत नाही, मला कळतं.
सव्वीस वर्षं याच झाडाखाली आहे.
सैनिक बोर्डाच्या कारकुनाचा चेहराही डोळ्यांपुढे आला.
तरी कागद ओढला, कार्बन लावला,
साक्षीदार क्रमांक एक, आणि पुढे
विहीर, बाई, पोहरा, राग,
जसं सांगितलं तसं मारत गेलो.

मग पेन उघडून ख भरायला बसलो.
जखमी. लेखी. दाखला. देखरेख.
केरबा वाकून बघत होते,
जुना चष्मा कपाळावरनं खाली ओढून.

'दोरीला ख न्हाई न्हवं?'
नाही.
'मग ती नीट उमटली असंल.'